ठरावाच्या बाजूने

३ ऑक्टोबर २००९, शनिवार

आज चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या नशिबी नेमकी नको ती बाजू आली.

फुनाबोरीच्या टॉवरखालच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी आमचं इंग्रजी चर्चेचं सर्कल भरतं. निम्मे जपानी, निम्मे आमच्यासारखे बाहेरचे. आजवर विषय असायचे ते ‘माझा आवडता ऋतू’ नाहीतर ‘मांजर चांगलं की कुत्रा’ असले. सर्कल चालवणाऱ्या हायाशी-सान निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना बहुधा स्वतःलाच कंटाळा आला असावा. नोव्हेंबरच्या अखेरीस वॉर्डाचा मेळावा आहे, त्यात आपण खरीखुरी वादसभा करू, म्हणाल्या, आणि विषय विचारला आल्माला. आल्मा नवी आहे, मेक्सिकोची. नवरा योकोहामाला कारच्या सुट्या भागांच्या कंपनीत. गाव सियुदाद हुआरेस, अमेरिकेच्या अगदी सीमेवर. ती म्हणाली, “माझ्या गावाचं नाव सांगितलं की लोक मला एकच गोष्ट विचारतात. तोच विषय घ्या.”

मग फळ्यावर ठराव लिहिला गेला: ‘सीमेपलीकडच्या टोळ्यांचा हिंसाचार थांबवण्यासाठी मादक पदार्थ कायदेशीर करावेत.’

बाजूने: मी आणि कुरोदा-सान. विरुद्ध: आल्मा आणि निशिदा-सान. निशिदा-सान कस्टम्समधून निवृत्त झालेले, अडुसष्ट वर्षांचे, ताठ. कुरोदा-सान स्टेशनजवळच्या लाँड्रीच्या मालकीण. आपल्या बायका साड्या ड्रायक्लीनला आणायला लागल्या आणि यांना काठ-पदराचं काही कळेना, म्हणून वयाच्या एकसष्टाव्या वर्षी इंग्रजी शिकायला आल्या. सर्कलमध्ये फारसं बोलत नाहीत. बॅटरीवरच्या डिक्शनरीत शब्द शोधत बसतात. आज चिठ्ठी उघडून त्यांनी पुन्हा घडी घातली, पुन्हा उघडली. मी म्हटलं, “बदलून घेऊ या का?” तर घाईने म्हणाल्या, “नाही, नाही. हीच बाजू मला अभ्यासायची आहे.”

मुलुंडला अकरा वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढली मी. गोळी म्हणजे काय आणि माणसाचं काय करते ते मला माहीत आहे. आणि मी म्हणायचं, सगळं खुलं करा?

५ ऑक्टोबर, सोमवार

प्रसन्नला सांगितलं. तो मोज्यांच्या जोड्या लावत होता. थांबला.

“चित्रा, हा जपान आहे. इथे एक सिगारेटभर गांजा सापडला तर पेपरात फोटो येतो. तू स्टेजवर उभी राहून सांगणार, कायदेशीर करा?”

“वादसभा आहे रे. चिठ्ठी आली.”

“व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. आणि नोकरी गेलं वर्षभर कशी टिकलीय ते तुला माहितीये.”

माहितीये. त्याच्या टीममधले साई आणि रविकांत फेब्रुवारीतच परत गेले, दोन बॅगा घेऊन. तरी मला वाटलं, हा घाबरतोय ते विषयाला नाही, मी काहीतरी बोलणार याला. पण असंही असेल की मलाच तसं वाटून घ्यायचं असेल.

दुपारी लायब्ररीत गेले. इंग्रजी पुस्तकांचं एकच कपाट. मग घरी येऊन कॉम्प्युटरवर वाचत बसले. मेक्सिकोनेच ऑगस्टमध्ये कायदा केला आहे की स्वतःपुरतं थोडं जवळ असलं तर तुरुंगात टाकायचं नाही. मला पत्ताच नव्हता. माल उत्तरेला जातो आणि बंदुका दक्षिणेला येतात. आल्माच्या एकट्या गावात गेल्या वर्षी दीड हजारांच्या वर माणसं मेली. वाचता वाचता भात लागला. जुई शाळेतून आली ती नाक दाबूनच. “कुसाई!” म्हणजे घाण वास. अकरा वर्षांची झाली, घरात मराठी ऐकते आणि उत्तर जपानीत देते.

८ ऑक्टोबर, गुरुवार

वादळ. सकाळी गाड्या बंद, प्रसन्न स्टेशनवरून परत आला. खिडक्या थरथरत होत्या. पण एवढ्या वाऱ्यात मला एकच प्रश्न सतावत होता: दारू कायदेशीर आहे म्हणून दारूच्या टोळ्या नाहीत, की दारूच्या टोळ्या संपल्या म्हणून दारू आता साधी वाटते? प्रसन्नला विचारलं. म्हणाला, “चहा टाक.”

१० ऑक्टोबर, शनिवार

सर्कल संपल्यावर कुरोदा-सानच्या दुकानात तयारीला बसलो. मागच्या खोलीत वाफेचा उबट वास आणि वर सळीवर प्लॅस्टिकमधले कोट. त्यांनी जाड वही काढली. मी थक्कच झाले. जपानचा कायदा कलमासकट लिहिलेला: किती जवळ असलं तर किती वर्षं, पहिल्यांदा पकडलं तर बहुतेक शिक्षा स्थगित, दुसऱ्यांदा नाही. पोर्तुगालमध्ये तुरुंगाऐवजी उपचार कसे सुरू केले तेही, त्यांच्या बारीक अक्षरात, प्रत्येक अवघड शब्दाखाली अर्थ. आठवड्यात एवढं? ही माणसं अभ्यासाला बसली की बसली!

मी माझा मुद्दा सांगितला. लहानपणी मिरजेला आमच्या आळीत एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांच्याकडे अफूचा परवाना होता. खरोखरचा सरकारी परवाना, शिक्क्याचा. महिन्याचा कोटा घ्यायला ते छत्री घेऊन जायचे आणि आम्ही मुलं त्यांना ‘कुठे निघालात?’ विचारायचो. ते म्हणायचे, “औषधाला.” कुणाला मारलं नाही, कुणी त्यांना मारलं नाही. नव्याण्णव टक्के आळीला ते सभ्य गृहस्थच वाटायचे. कुरोदा-सानने हे सगळं लिहून घेतलं. “शेजाऱ्यांना माहीत होतं?” त्यांनी विचारलं. “सगळ्यांना.” “आणि नमस्कार करायचे?” मी म्हटलं, “हो, करायचे की.”

मग त्यांनी विचारलं, तुम्ही फार्मासिस्ट, तर सांगा, स्टिम्युलंट, म्हणजे झोप-भूक मारणारं ते उत्तेजक द्रव्य, घेणारा माणूस दोन वर्षं त्यापासून लांब राहिला तर मेंदू पहिल्यासारखा होतो का? किती दिवसांनी मला कुणी माझ्या कामाचं काही विचारलं! मी खुलासेवार सांगितलं. झोप, भूक सुधारते, पण पूर्ण पहिल्यासारखं फार थोड्यांचं होतं, आणि बरेचसे वर्षाच्या आत पुन्हा घ्यायला लागतात. त्यांनी ‘रिलॅप्स’चं स्पेलिंग विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा लिहिलं. नंतर गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेल्या, त्या बराच वेळ आल्या नाहीत. मी वाट पाहून निघाले.

छान झाली चर्चा.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

प्रसन्नचे शर्ट द्यायला गेले तर दुकान बंद. दारावर पाटी. शेजारच्या तोफूवाल्या बाई म्हणाल्या, कुरोदा-सान महिन्यातून एका मंगळवारी तोचिगीला जातात, मुलगा तिथे कारखान्यात आहे. केवढं प्रेम! उएनोहून दोन तास. मुलगा मात्र आईकडे येत नाही, आईनेच जायचं. इथेही तसंच आहे म्हणायचं.

१७ ऑक्टोबर, शनिवार, लक्ष्मीपूजन

आल्माला फराळाला बोलावलं. चकली मोडली जरा, पण तिला फार आवडली. जुईने तिला रांगोळीत रंग भरायला दिला. दोघी जपानीत बोलत होत्या, दोघींचं जपानी माझ्यापेक्षा बरं.

मी विचारणार नव्हते, पण विचारलंच. “तू विरुद्ध बाजूला. चिठ्ठी आली म्हणून, की खरंच?”

“खरंच,” ती म्हणाली. “तू काय समजतेस, उद्या कायदा झाला की ते लोक बंदुका ठेवून दुकान उघडतील? त्यांना माल विकता येत नाही, त्यांना भीती विकता येते. गांजा नाही तर माणसं पळवतील. लिंबाच्या बागा घेतील. पाणी विकतील.”

“पण पैशाचा मोठा झरा तर आटेल?”

“आटेल. आणि आटेपर्यंतची दहा वर्षं कुणी भोगायची?” मग हसली. “तुला एक सांगू? आजवर लोक मला विचारतात, तू प्रेत पाहिलंस का. काय करायला हवं असं तुला वाटतं, हे पहिल्यांदा तूच विचारलंस.”

तिचा भाऊ एर्नेस्तोही फार्मासिस्ट आहे. हुआरेसला दोन काउंटरचं दुकान. मला इतका आनंद झाला, जणू माझ्याच कॉलेजचा निघाला. मी विचारत सुटले: औषधांची कपाटं कशी असतात, मॉर्फिन ठेवतो का, रजिस्टर कोण तपासतं. ती सांगत होती. मध्येच म्हणाली, “हल्ली तो शटर अर्धंच उघडतो.” का, ते मला विचारायचं होतं, पण आरतीची वेळ झाली.

२४ ऑक्टोबर, शनिवार

आज रंगीत तालीम झाली आणि निशिदा-साननी मला पार गार केलं.

मी म्हटलं होतं, विष नावाची गोष्ट नसते, कुलूप आणि रजिस्टर असलं की तेच औषध. निशिदा-सान शांतपणे उभे राहिले. म्हणाले, “चित्रा-सान, लढाई संपली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्यानंतर काही वर्षं हे स्टिम्युलंट आमच्या औषधांच्या दुकानांत मिळायचं. गोळ्या आणि इंजेक्शनं. उघड. जाहिरात असायची. माझा काका लढाईवरून आला होता. तो ते दुकानातून आणायचा, आमच्याच गल्लीतल्या. दुकानदार चांगला माणूस होता. १९५१ साली कायदा झाला तेव्हा काकाने आमच्या घरातली घड्याळं, किमोनो, सगळं विकून टाकलं होतं. त्याच्या वेळी टोळी नव्हती. फक्त फार्मसी होती.”

घरी येऊन शोधलं, खरं आहे. लाखो लोक. अकरा वर्षं काउंटरमागे उभी राहिले मी, हा विचार एकदाही केला नव्हता: गल्लीतला दुकानदार चांगला माणूस होता.

परत येताना बसमध्ये कुरोदा-सान माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, आपण हरणार बहुतेक. त्या म्हणाल्या, “निशिदा-सानच्या काकांचं पुढे काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही.”

“मेले असतील,” मी म्हटलं.

“कदाचित नसतीलही,” त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

२ नोव्हेंबर, सोमवार

मेळाव्याचं पत्रक छापून आलं. स्टेशनवर, लायब्ररीत, आमच्या बिल्डिंगच्या खालीसुद्धा. ‘ठरावाच्या बाजूने: चित्रा (भारत), कुरोदा (फुनाबोरी)’. प्रसन्नच्या ऑफिसातल्या ओकादा-सानने ते पाहिलं आणि ते त्याला म्हणाले, “ओकुसान फारच धाडसी आहेत.” म्हणजे तुमची बायको. धाडसी म्हणजे इथे काय, ते आम्हाला दोघांनाही कळतं.

तो रागावला नाही, तेच वाईट. “मार्चला पोस्टिंग संपतंय. वाढवून मागतोय मी. तेवढे चार महिने गप्प राहायला जड जातंय का तुला?”

“गप्पच आहे की पाच वर्षं,” मी म्हटलं. तोंडातून गेलं.

जुई आतून आली. तिच्या शाळेत पोलीस येऊन सांगून गेलेत, ड्रग्जना हात लावला की आयुष्य संपलं. भिंतीवर पोस्टर आहे. “मामा, याबाई,” म्हणाली. म्हणजे बिकट आहे. मग मराठीत, मला नीट कळावं म्हणून: “संपतं ना आयुष्य? मग तू कसं म्हणणार नाही संपत?”

मी असं कधी म्हणाले? आणि असं म्हणायला नको का?

११ नोव्हेंबर, बुधवार

जुईच्या वर्गात आठ मुलांना नवा फ्लू, वर्ग शनिवारपर्यंत बंद. घरात मास्क लावून गणितं.

दुपारी आल्माचा फोन. एर्नेस्तोच्या दुकानाला आग लावली. रात्री, आत कुणी नव्हतं. तो, बायको, दोन मुली, चौघं सीमेवरचा पूल ओलांडून पलीकडे अमेरिकेत मेव्हण्याकडे गेले, हातात फक्त शाळेची दप्तरं. दर महिन्याला टोळीची माणसं यायची आणि तो हप्ता द्यायचा. या महिन्यात त्याने नाही म्हटलं. बस्स.

मी म्हटलं, वादसभा सोडून दे. ती म्हणाली, “का? मला उलट आता नीट ऐकायचंय तुझं. तुझं म्हणणं खरं असतं तर त्याचं दुकान राहिलं असतं का, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

मी तेव्हापासून वहीत लिहितेय आणि खोडतेय. तिच्या भावाचं दुकान माझ्या मुद्द्यात मला घालायचं नाही. पण दुसऱ्या कशाचा विचारही होत नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

कुरोदा-सान आज सर्कलला आल्या नाहीत. मी दुकानात गेले. मला बघून त्यांनी इस्त्री बंद केली, मागच्या खोलीत नेलं, चहा ओतला आणि वही माझ्यापुढे ठेवली. “मी बोलू शकणार नाही. हे सगळं तुम्ही वापरा. क्षमा करा.”

मला वाटलं इंग्रजीची भीती. मी म्हटलं, तुमचं इंग्रजी उत्तम आहे, हळू बोला, लोक ऐकतील. त्या मान हलवत राहिल्या. मग जपानीत बोलायला लागल्या, सावकाश, मला कळेल अशा सोप्या शब्दांत, जसं मुलांशी बोलतात.

मुलगा नाओतो. एकोणतीस वर्षांचा. स्टिम्युलंट. पहिल्यांदा पकडला तेव्हा शिक्षा स्थगित झाली, दीड वर्षाने पुन्हा पकडला. आता तोचिगीच्या तुरुंगात आहे. जूनमध्ये सुटेल. “तो कारखान्यात आहे म्हणून मी शेजाऱ्यांना सांगितलंय. खोटं नाही. तिथे काम करावंच लागतं त्यांना.” मेळाव्याला शेजारचे सगळे येणार. पत्रकावर नाव बघून तोफूवाल्या बाई म्हणाल्या होत्या, ‘कुरोदा-सान, तुम्ही आणि ड्रग्जच्या बाजूने? कमालच!’ आणि हसल्या होत्या. त्या हसण्याने त्यांचं धैर्य गेलं.

मी खाली बघत होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: दहा ऑक्टोबर. मी काय काय बोलले होते त्या दिवशी, त्याच टेबलाशी. फार थोड्यांचं होतं. वर्षाच्या आत. आणि स्पेलिंग सांगितलं होतं.

मी माफी मागितली. जपानीत माफी मागायला पंचवीस शब्द आहेत, मला तीन येतात, तिन्ही वापरले. त्या म्हणाल्या, “नाही. डॉक्टर गोल बोलतात. वकील गोल बोलतात. तुम्ही सरळ बोललात. मी त्या रात्री रडले, पण पुढच्या मंगळवारी त्याला प्रश्न नीट विचारता आले.”

२२ नोव्हेंबर, रविवार

प्रसन्नला सांगितलं, नाव न घेता. त्याने हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाला, “माझ्या मोठ्या मावशीचा जयप्रकाश. आठवतो?” मला नाव माहीत होतं, लग्नात कुणीतरी पुटपुटलं होतं. “गर्द,” प्रसन्न म्हणाला. “शहाऐंशी साल, दादर. आई आम्हाला सांगायची, तो नागपूरला आहे.”

तेरा वर्षांच्या संसारात हे मला पहिल्यांदा कळलं.

“कुठे होता?”

“माहीत नाही. कुणी विचारलंच नाही.”

२८ नोव्हेंबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

हॉलमध्ये साठ-सत्तर लोक, फ्लूमुळे बहुतेक सगळे मास्क लावून. त्यामुळे कोण कोण आहे ते कळेना. प्रसन्न आणि जुई तिसऱ्या रांगेत. मी येऊ नको म्हटलं होतं, प्रसन्न म्हणाला, “येतोय. बघू दे ओकादा-सानला.” ओकादा-सान नव्हतेच आले.

माझ्याबरोबरची खुर्ची रिकामी. हायाशी-साननी ‘प्रकृतीमुळे’ असं सांगितलं.

मी एर्नेस्तोचं दुकान वापरलं नाही. मुलुंडची गोष्ट सांगितली. एक बाई यायच्या, नवऱ्याला घशाचा कॅन्सर. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलेलं. आमच्याकडे नव्हतं, कारण परवान्याची मुदत संपलेली आणि नवीन परवाना तीन खात्यांतून यायचा. तो येईपर्यंत त्या सात वेळा आल्या. आठव्यांदा आल्या त्या उरलेल्या दुसऱ्या गोळ्या परत द्यायला. त्याच रस्त्याच्या टोकाला, पुलाखाली, गर्द कुठल्याही दिवशी मिळायचं. “बंदी कुणाला लागू झाली?” मी विचारलं. “ज्याने कायदा पाळला त्याला. मला दुकानं उघडी करायची नाहीत. कुलपाची किल्ली टोळीच्या खिशातून काढून अशा माणसाच्या हातात द्यायचीय, ज्याला जाब विचारता येईल.” मग पोस्टमास्तरांचा परवानाही सांगितला. हसले लोक.

निशिदा-साननी काकांची गोष्ट सांगितली. या वेळी शेवट सांगितला. काका मेले नाहीत. एका मच्छीमार गावात जाळी विणत वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत जगले. “पण घरच्यांनी त्यांना कधी बोलावलं नाही. मीसुद्धा नाही.” ते खाली बसले तेव्हा त्यांचा ताठपणा जरा कमी वाटला. त्यांचा मुद्दा त्यामुळे मजबूत झाला की कमकुवत, ते मला अजून कळलेलं नाही.

आल्मा शेवटी बोलली. आगीबद्दल दोनच वाक्यं बोलली. म्हणाली, “चित्राचा कायदा वीस वर्षांपूर्वी झाला असता तर कदाचित माझ्या भावाचं दुकान वाचलं असतं. आज झाला तर वाचणार नाही. आज ज्यांच्या हातात बंदुका आहेत त्यांना कुणी नोकरी देणार नाही, आणि मारणं सोडून त्यांना काही येत नाही. आधी पोलीस, न्यायाधीश, शाळा दुरुस्त करा. मग कायदा बदला. उलट्या क्रमाने केलंत तर मरणारे माझेच लोक असतील.”

मग प्रश्नोत्तरं. दोन-तीन नेहमीचे प्रश्न. मग शेवटच्या रांगेतून एक बाई उठली. मास्क काढला. कुरोदा-सान.

त्या इंग्रजीत बोलल्या, पाठ केलेलं, एकेक शब्द मोजून: “माझा मुलगा स्टिम्युलंटसाठी तुरुंगात आहे. जूनमध्ये सुटेल. आज ही बाजू जिंकेल किंवा ती बाजू जिंकेल. जूनमध्ये तो माझ्या दारात उभा राहील. त्याला काम कोण देईल? दोन्ही बाजूंनी उत्तर द्यावं.”

खरं तर एवढ्यावर त्या बसू शकल्या असत्या. हॉलमधल्या अर्ध्या लोकांना काही कळलंच नव्हतं, तोफूवाल्या बाईंना तर नाहीच. पण त्या उभ्याच राहिल्या. श्वास घेतला आणि तेच सगळं जपानीत सांगितलं. शेजाऱ्यांच्या भाषेत. प्रत्येक शब्द.

हायाशी-सान माझ्याकडे बघायला लागल्या, नियमाप्रमाणे ठरावाची बाजू आधी बोलते. दोन महिने मी केवढं वाचलं होतं. पोर्तुगाल, दारूबंदी, सीमेचे आकडे. मी माईक घेतला आणि म्हटलं, “मला माहीत नाही.” आल्मानेही माईक घेतला. “मलाही नाही,” ती म्हणाली. निशिदा-सान उभे राहिले आणि कमरेत खूप खाली वाकले, कुरोदा-सानच्या दिशेने.

मतदान झालं. बाजूने अकरा, विरुद्ध सत्तेचाळीस, काही कोऱ्या चिठ्ठ्या. एक कोरी आल्माची, तिने मला सांगितलं. अकरांतली एक माझी. दोन महिन्यांपूर्वी मी स्वतःच सत्तेचाळिसांत असते. आज मला माझी बाजू पटते, पण पूर्वी विरुद्ध बाजू जितकी पक्की पटायची तितकी नाही.

बाहेर पडताना जुईने मला विचारलं, मराठीत, “त्या आजींच्या मुलाचं आयुष्य संपलं का?”

“जूनमध्ये येतोय तो,” प्रसन्न म्हणाला.

३ डिसेंबर, गुरुवार

कुरोदा-सानच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं यायची थांबली. तोफूवाल्या बाई तीन दिवस दिसल्या नाहीत. काल आल्या, घरातले सगळे हिवाळी कोट एकदम घेऊन, नवऱ्याचेसुद्धा, जे अजून मळलेले नव्हते. पावती घेतली, गेल्या. कुरोदा-सान मला हे सांगताना हसत होत्या की रडत, त्या वाफेत कळेना.

मी विचारलं, मंगळवारी मी तुमच्याबरोबर आले तर चालेल? आत सोडणार नाहीत, माहीत आहे. बाहेर बसेन.

८ डिसेंबर, मंगळवार

उएनोहून गाडी. पुढे बस. भाताची कापलेली शेतं, लांब डोंगरावर थोडा बर्फ. मी वाटेत प्रश्न विचारत राहिले आणि त्या उत्तरं देत राहिल्या: पुस्तकं पाठवता येतात का, थंडीत काय देतात, पत्रं किती. आता त्यांना विचारलेलं आवडतं, असं मला वाटतं. चुकतही असेन.

भिंत उंच नव्हती, आपल्याकडच्या कॉलेजला असते तेवढीच. त्या आत गेल्या. मी बसथांब्यावरच्या बाकावर बसले. गरम कॉफीचा डबा हातात धरून ठेवला, प्यायले नाही. आल्माचा मेसेज आला: एर्नेस्तोला पलीकडच्या गावात एका दुकानात औषधांची खोकी लावायचं काम मिळालं. फार्मासिस्ट म्हणून नाही, पण औषधांच्या दुकानात. मी तो तीनदा वाचला.

अर्ध्या तासाने कुरोदा-सान आल्या. चेहरा वेगळाच. बाकावर बसल्या, हातमोजे काढले, पुन्हा घातले.

“मी त्याला सांगितलं,” त्या म्हणाल्या. “हॉलमध्ये सगळ्यांसमोर विचारलं म्हणून. तुला काम कोण देईल, असं.”

“मग? रागावला?”

“नाही. वेळ संपत आली. शिपाई घड्याळाकडे बघायला लागला. तेव्हा म्हणाला, ‘आई, दुकानात चालेल मला. तुला चालत असेल तर.’”

बस येत होती. त्या उठल्या नाहीत.

“तो लहान होता तेव्हा इस्त्रीजवळ यायचा आणि मी त्याला हाकलायची. भाजेल म्हणून. मग अभ्यास कर म्हणून. मला वाटायचं, त्याला या कामाची लाज वाटते. एकोणतीस वर्षं, चित्रा-सान. सत्तर माणसांना विचारून आले मी. त्यालाच विचारलं नव्हतं.”

बस थांबली, दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. कुरोदा-साननी त्याला हाताने खूण केली, जा. पुढची बस चाळीस मिनिटांनी होती.